डी लायसन्सचा कोर्स: सहा दिवस, एक शिट्टी आणि माझं तोंड

मी कोल्हापूरचा. शिवाजी पेठेत वाढलो, तालमीच्या संघातून नऊ सीझन लेफ्ट बॅक खेळलो, शाहू स्टेडियमवर शिव्याही खाल्ल्या आणि गुलालही. गुडघा गेल्यापासून आठ वर्षं पेठेतल्या पोरांना गांधी मैदानावर शिकवतोय. त्यामुळे एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी लायसन्सचा, म्हणजे फुटबॉल कोचच्या परवान्याचा, फॉर्म भरला तेव्हा घरी सांगून टाकलं, "कागद आणायला चाललोय, शिकायला नाही." बायको म्हणाली, "मग कागदच मागवा की पोस्टानं."

मे २०२५ मध्ये पुण्यात कोर्स केला. तेव्हापासून निदान दहा जणांनी फोन करून विचारलंय, "भावा, करू का रं? पैसे वसूल हाईत का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी स्वरूप. सहा दिवस, सकाळी मैदान, दुपारी वर्ग, संध्याकाळी परत मैदान, रात्री दुसऱ्या दिवशीच्या सेशनचा प्लॅन कागदावर. खेळाचे नियम, लहान मुलांच्या वयोगटानुसार काय शिकवायचं, सरावाची आखणी, आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा: चिठ्ठी उचलायची, जो विषय येईल तो मैदानावर शिकवून दाखवायचा. मुलं म्हणून बॅचमधलेच लोक. आमच्यात शाळांचे पीटी शिक्षक होते, एक पोलीस शिपाई होता, दोन माजी राज्य खेळाडू आणि नागपूरची एक शिक्षिका. बाई कधी क्लबकडून खेळलेल्या नव्हत्या. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कुठल्या नजरेनं बघितलं ते लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी माझा सरावाचा नंबर आला. विषय पासिंग. आठ जण, वीस बाय वीसचा चौकोन, चार कोपऱ्यांना खुणेचे प्लॅस्टिक कोन लावले, दोन-दोनच्या रांगा केल्या आणि सुरू झालो. पाय कसा वळवायचा, टाचेचं काय, मान वर कधी, आमच्या काळात मातीच्या मैदानावर बॉल कसा उडायचा. मधेच खेळ थांबवला, एकाचा खांदा धरून उभं राहायचं कसं ते दाखवलं, परत बोललो. मला वाटलं, रंगलंय.

पंधरा मिनिटं संपल्यावर कोर्स घेणाऱ्या सरांनी विचारलं, "छान. आता सांगा, या पोलीसभाऊंना बॉल किती वेळा लागला?"

मी म्हटलं, "असेल पंधरा-वीस वेळा."

सरांनी वही दाखवली. सहा. आणि माझी बडबड किती? सात मिनिटं वीस सेकंद. स्टॉपवॉच लावून मोजली होती माणसानं. वर आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही खेळाडू चांगले असणार, दिसतंय. पण आत्ता मैदानावर सगळ्यात जास्त सराव तुमच्या जिभेचा झाला."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही. आठ वर्षं गांधी मैदानावर पोरं रांगेत उभी राहून माझं ऐकतायत, बॉल तिसऱ्या पोराच्या पायाखाली, आणि मी म्हणतोय की पोरांचं लक्ष नाही. लक्ष कुठनं राहणार?

या कोर्समधून काय घ्यायचं म्हणाल तर एवढंच. फेऱ्या मारायला लावू नका, रांगा लावू नका, भाषणं देऊ नका. ऐकायला तीन वाक्यं. करून बघा. प्रत्येकाजवळ बॉल, चौकोन लहान, आणि चुकलं तरी लगेच शिट्टी नाही. नागपूरच्या बाईंचं सेशन बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. विषय बॉल अंगाशी ठेवण्याचा होता. त्यांनी सगळ्यांना एकेक बॉल दिला, "दुसऱ्याचा बाहेर घालवा, स्वतःचा सांभाळा" एवढं सांगितलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. चार मिनिटांत आम्ही मोठी माणसं घामाघूम. मग एकालाच थांबवून विचारलं, "बॉल गेला तेव्हा तू कुठे बघत होतास?" उत्तर त्यालाच द्यायला लावलं. झालं शिकवणं.

वर्गात उदाहरणं बरीच निघाली, पण माझ्या मनात पूर्ण वेळ फुटबॉल कोच खालिद जमील होते. त्याला कारण आहे. २०१५ च्या सुमारास कुपरेजला मुंबई एफसीची मॅच बघितली होती. टचलाईनजवळ उभा हा माणूस. मला वाटलं, ह्याला काही बोलायचंच नाहीये. कुवेतमध्ये जन्म, महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळले, दुखापतींनी कारकीर्द आखडली आणि २००९ मध्ये मुंबई एफसीचे कोच झाले. मोठी नावं नाहीत, पैसा बेताचा, दरवर्षी काम एकच, संघ लीगमध्ये टिकवायचा. सात वर्षं टिकवला. २०१६ मध्ये तिथून गेले ते थेट मिझोरमच्या आयझॉल एफसीला. जो संघ आदल्या मोसमात खाली घसरला होता आणि नंतर परत घेतला गेला, त्याला पुढच्याच वर्षी आय-लीग, म्हणजे राष्ट्रीय लीग, जिंकून दिली. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँग क्लबशी १-१ बरोबरी पुरली. ईशान्येकडच्या क्लबाचं ते पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्या रात्री आमच्या कट्ट्यावर दोघांनाच त्याचं अप्रूप होतं, बाकी आयपीएल बघत होते.

नंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड. २०२१ मध्ये मोसमाच्या मधेच हंगामी कोच म्हणून नॉर्थईस्टचा संघ हातात आला आणि त्यांनी प्लेऑफला नेला. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) भारतीय कोचनं हे पहिल्यांदाच केलं. पुढं जमशेदपूर, आणि माझा कोर्स संपून तीन महिने होत नाहीत तोवर १ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक. सावियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस. सुरुवात झकास, मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि फुटबॉलच्या आशिया कपचं दार बंद झालं. टाळ्या वाजवणारेच लोक मग शिव्या घालू लागले. कोचचं करिअर म्हणजे हे असंच.

म्हणून ज्यांना "कोच होऊन सेटल व्हायचंय" त्यांना सांगतो, डी ही तळातल्या पायऱ्यांपैकी एक. वर सी, बी, ए, मग प्रो. मधे अनुभवाची वर्षं घालावी लागतात, दर वेळी फी, दर वेळी सुट्टी काढायची. डीच्या कागदावर शाळेत किंवा अकादमीत दारं उघडतात, पण त्या पगारावर घर चालवायचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ दोन-तीन ठिकाणी पळावं लागेल. मी बँकेतली नोकरी सोडलेली नाही आणि सोडणार नाही.

तक्रारी. मैदान उत्तम, पण राहायची सोय केली होती तिथं एका खोलीत सहा जण आणि पंखे दोन. गरम पाणी सकाळी साडेपाचच्या आत संपायचं. जेवणात भाजी गोडसर. कोल्हापूरकरानं चटणीची पुडी बरोबर ठेवावी. पोलीसभाऊंनी माझी अर्धी संपवली. दुसरं, वर्गातल्या स्लाइड सगळ्या इंग्रजीत. सर मराठी-हिंदीत समजावत होते, पण कोकणातून आलेले एक पीटी मास्तर माझ्याहून हुशार असूनही लेखी पेपराला घामेजले. ह्याचा अर्धा गुण कापतो, राहण्याचा अर्धा. पाचपैकी चार.

पास झालो. परीक्षेत बोललो फक्त दोन मिनिटं, सरांनी मोजून सांगितलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी गांधी मैदानावर बावीस पोरं, बॉल चौदा. चार जणांचे चौकोन केले, काय करायचं ते एका दमात सांगितलं, आणि हात मागं बांधून उभा राहिलो. शिट्टी खिशात. जीभ अक्षरशः दाताखाली. एक पोरगा सारखा डाव्या पायानं पास द्यायला घाबरत होता, बॉल फिरवून उजव्यावर घ्यायचा आणि तोवर समोरचा काढून न्यायचा. तीनदा. चौथ्यांदा ओरडणारच होतो. त्यानं डाव्यानं ढकलला, वाकडा गेला, पण गेला.

कट्ट्यावरून एका पोराचे आजोबा, माझ्या खेळाच्या काळातले जुने प्रेक्षक, ओरडले, "काय रं, शिट्टी मोडली काय? आज नुसताच हुबा हाईस?"

"व्हय, आबा," म्हटलं, "आज नुसताच हुबा हाय."