जुनी बॉक्सर की जुनी गोल्डविंग? लांबच्या प्रवासासाठी देखभालीचा हिशेब

जुनी टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची मोटरसायकल, घेऊन, तिचं काम करून लांब निघायचं ठरवलं की यादी फिरून फिरून दोन गाड्यांवर येते. एक, बीएमडब्ल्यूची हवेने थंड होणारी बॉक्सर, म्हणजे आर80आरटी किंवा आर100आरटी. दुसरी होंडाची गोल्डविंग, त्यातही 1984 मध्ये आलेली जीएल1200 आणि 1988 ते 2000 या काळातली जीएल1500. दोन्हींचे सिलिंडर आडवे, दोन्हींना चेनऐवजी शाफ्ट. आराम, वेग, डिकीची जागा यांवर लोक तासन्‌तास बोलतात. ते त्यांना बोलू द्या. इतक्या जुन्या गाडीबाबत मी एवढंच बघतो, की ती काय मागते, केव्हा मागते आणि त्या वेळी आपण घरी असतो की रस्त्यावर.

बॉक्सर थोडं थोडं मागते, पण सारखं मागते. गोल्डविंग खूप दिवस गप्प राहते आणि मग एकदम मोठी मागणी करते. पुढचं सगळं जवळपास यातूनच निघतं.

बॉक्सरचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे झाकण काढलं की व्हॉल्व्ह समोर. इंजिन थंड असताना फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, इनलेटला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.20 मिमी. सवय झाली की अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण ते दर काही हजार किलोमीटरला करावंच लागतं. या कामातून गाडीची तब्येतही कळते. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी झालेला दिसत असेल, तर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी) खचत चालली आहे असं समजा. 1980 च्या दशकातल्या पहिल्या वर्षांच्या गाड्यांत हा दोष ठरलेला. मग हेड उतरवून नव्या सीट बसवायच्या. इंजिन फ्रेममध्येच राहतं, म्हणून ‘हाफ इंजिन’चं, म्हणजे फक्त वरच्या भागाचं, काम घरच्या शेडमध्येही होतं.

तेलं चार ठिकाणी: इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचा ड्राइव्ह. शाफ्टचं तेल विसरणारे बरेच भेटतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या खाचांना ग्रीस लावायला गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो, म्हणून ते काम पुढे पुढे ढकललं जातं आणि शेवटी खाचाच झिजून जातात. 1985 नंतरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये आउटपुट शाफ्टवरची सर्क्लिप (शाफ्टवरचे भाग जागेवर धरणारी कडी) कारखान्यातूनच वगळलेली होती. ती नंतर बसवली का, हे विकणाऱ्याला विचारा. तो गोंधळला, तर उत्तर मिळालं असं धरा.

या गाडीत दोन सापळे आहेत आणि दोन्ही कमी माहितगार हातांसाठी. ऑइल फिल्टर बदलताना त्याच्या तोंडाशी एक पांढरी ओ-रिंग येते. किती खोलीवर काय बसवायचं हे मोजून ठरवतात. अंदाजाने दाबून बसवली तर तेलाचा दाब आतल्या आत गळतो आणि इंजिन कामातून जातं. दुसरा सापळा क्लचमागचा: फ्लायव्हील काढण्याआधी क्रँक पुढून टेकू देऊन अडवायचा. नाहीतर तो पुढे सरकतो, आतला थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारी चकती) जागेवरून पडतो, आणि हे लक्षात न येता बोल्ट आवळले की क्रँककेसचंच नुकसान. मागचं ऑइल सील बदलायला म्हणून गाडी एखाद्याकडे टाकत असाल, तर ओ-रिंग आणि क्रँक, दोन्हींबद्दल आधी विचारा. ‘बघू खोलल्यावर’ असं उत्तर आलं, तर गाडी तिथून घरी आणा.

आता गोल्डविंग. जीएल1200 आणि जीएल1500 मध्ये टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, सेट करायचेच नाहीत, हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात. पाण्याने थंड होणारं, मऊ चालणारं इंजिन. खोलून पाहायची वेळ इतकी क्वचित येते, की ‘प्रवासाआधी फुल इंजिन करून घेतो’, म्हणजे पूर्ण खोलून नव्याने बांधतो, म्हणणाऱ्याला मी थांबवतो. पैसा इंजिनाभोवतीच्या गोष्टींवर लावावा: कार्बोरेटरची रबरं, पाण्याचे होज, थर्मोस्टॅट, पुढच्या काट्याची (फोर्कची) सीलं, हँडलचे आणि स्विंगआर्मचे बेअरिंग.

इंजिनाच्या पुढच्या बाजूचे दोन टायमिंग बेल्ट मात्र आजच बदला. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि ज्या इंजिनाला कधी हात लावावा लागला नसता ते खोलावं लागतं. बेल्ट किलोमीटरपेक्षा वयाने म्हातारा होतो. ‘गाडी कमी चाललेली आहे’ हे इथे कौतुक समजू नका. इंजिन जागेवर ठेवूनच हे काम होतं, अवघडही नाही.

विजेच्या बाबतीत दोघींचे स्वभाव अगदी उघडे पडतात. बॉक्सरचा अल्टरनेटर 280 वॅटच्या आसपासचा, तोकडा. रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) आणि डायोड बोर्ड (त्याची वीज बॅटरीजोगी करणारा) ही तिची ठरलेली दुखणी. पण रोटर पुढच्या झाकणाखाली असतो. योग्य बोल्ट आणि सुटा रोटर सोबत असेल तर रस्त्याच्या कडेला बदलता येतो. जीएल1200 मध्ये स्टेटर (वीज तयार करणारा स्थिर भाग) इंजिनाच्या मागच्या बाजूला आत बसवलेला, बदलायचा तर अख्खं इंजिन उतरवायचं. कंटाळून काही जण पुढे मोटारीचा छोटा अल्टरनेटर बसवतात. जीएल1500 मध्ये होंडाने अल्टरनेटरच बाहेर आणला आणि प्रश्नच मिटवला. म्हणून गोल्डविंगच घ्यायची असेल तर माझं मत 1500 ला. सहा सिलिंडर, 1520 सीसी, स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स. तो रिव्हर्स नखरा वाटतो, पण साडेतीनशे किलोंहून जड गाडी उताराकडे तोंड करून लावली, की मग कळतं. आरटी पेट्रोलसकट अडीचशे किलोंच्या आतच. एकट्याने पडलेली गाडी उचलायची झाली तर हा फरक मोठा आहे.

जीएल1500 चा खरा त्रास प्लास्टिकचा. कार्बोरेटरपर्यंत पोहोचायचं तर आधी पॅनेल, मग आणखी पॅनेल, आणि प्रत्येक क्लिप तीस वर्षं जुनी, कडक, तुटायला टपलेली. अर्ध्या तासाच्या कामाला दुपार जाते. मागचं टायर बदलताना ड्राइव्हच्या खाचांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायला विसरू नका. चाक निघालेलंच असतं.

टायर, ब्रेक होज, ब्रेक ऑइल दोन्हींना सारखंच. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुनं टायर ठेवू नका.

फुल इंजिन बांधायचं की नाही, हे कॉम्प्रेशन आणि लीक टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती टिकतो याची तपासणी) सांगेल. त्याआधी कुणाचंही, माझंही, ऐकू नका. बॉक्सरचं हेड उघडलंच, तर साधारण हजार किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळून टॅपेट पुन्हा सेट करायचे असतात. म्हणजे गॅरेजमधून निघून थेट लांबच्या वाटेला लागणं चूक. आधी घराभोवती हजार-दोन हजार किलोमीटर काढा. नव्याने जोडलेल्या गोष्टी तेवढ्यात गळायच्या त्या गळतात, सुटायच्या त्या सुटतात.

पाना हातात धरायची आवड असेल, एकटे जाणार असाल आणि कच्चा रस्ता लागणार असेल, तर बॉक्सर घ्या. मीही तीच घेईन. मागे कायम कुणी बसणार असेल, मोठे रस्ते असतील आणि संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर गाडीकडे वळून बघायचंही नसेल, तर जीएल1500. बेल्ट बदलून. आणि पाना धरायचाच नाही पण बॉक्सर दिसायला आवडते, असं असेल तर ओळखीत असा एक मेकॅनिक आधी शोधा ज्याला ओ-रिंगची खोली माहीत आहे, आणि गाडी त्यानंतर शोधा.