हॉलची वीज की भाड्याचा जनरेटर? गोव्यातल्या फिरत्या डीजेचा हिशेब

टॉप (वरचे स्पीकर) झाले, बेस झाले, चार मूव्हिंग हेड (फिरते लाइट) हप्त्यावर घरात आले, की नव्या डीजेचा पुढचा फोन ठरलेला असतो. "जनरेटर कितीचा घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: आत्ताच घेऊ नका. गोव्यात वाजवायचं म्हणजे आज फोंड्याला हॉलातलं लग्न, उद्या डिचोलीत अंगणातली हळद, परवा सत्तरीत जत्रेचं स्टेज आणि जूनमध्ये कुणाच्या तरी विहिरीकाठी सांजांव (सेंट जॉनचा सण, त्यात विहिरीत उड्या मारतात). प्रत्येक ठिकाणी वीज वेगळ्या हातातून येते. ती किती मिळते हा प्रश्न सोपा आहे. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थिंग (दोष आला तर वीज जमिनीकडे नेणारी तार) कुणाच्या भरवशावर आहे हा खरा प्रश्न, आणि मी निवड त्यावरून करतो.

तरी आधी लोड मोजून घेऊ. साउंडचं लोड लोक फुगवून सांगतात, लाइटचं दडवतात. टॉपवर १००० वॅट छापलेलं असलं तरी गाण्यात ठेका असतो, मधे मोकळी जागा असते, त्यामुळे सरासरी ओढ त्याच्या एक अष्टमांश ते एक तृतीयांश एवढीच राहते. दोन टॉप, दोन बेस, मिक्सर, लॅपटॉप असं सगळं धरून दणकून वाजवलं तरी मी १५०० वॅट पकडतो. आठ एलईडी पारचे (डब्यासारख्या रंगीत लाइटचे) हजारेक वॅट. २३० वॅटचा दिवा असलेला बीम, म्हणजे वरचा मूव्हिंग हेड, बॅलास्ट आणि मोटरसकट साडेतीनशे-चारशे खातो, म्हणजे चारांचे १५००. राहिलं फॉग मशीन. त्याचा हीटर एकटाच १५०० वॅटचा असतो, आणि यादीत तेच लिहायचं राहतं. बेरीज ५५०० वॅट, २३० व्होल्टला २४ अँपिअर. भिंतीवरचा मोठा सॉकेट १६ अँपिअरचा, म्हणजे ३६८० वॅटचा. छोटा ६ अँपिअरचा, १३८० वॅटचा, त्यावर नुसतं फॉग मशीनही चालवू नये. हॅलोजनच्या जमान्यात एकेक पार हजार वॅटचा असायचा. तेव्हा जनरेटरशिवाय पर्यायच नव्हता, आणि ‘जनरेटर हवाच’ ही समजूत तेव्हापासून चिकटली आहे.

हॉलची किंवा यजमानाच्या घरची वीज

छोट्या-मध्यम कामांना माझी पहिली पसंती हीच. आवाज नाही, धूर नाही, डिझेल नाही, आणि गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा दाब (व्होल्टेज) फॉगचा हीटर चालू-बंद झाला तरी सहसा हलत नाही. तक्रार आहे ती दिसत नाही अशा गोष्टींची.

फोंड्याकडच्या एका हॉलात साउंड एका फेजवर (विजेच्या एका जिवंत तारेवर) आणि लाइट दुसऱ्या फेजवर घेतले होते. कुणीतरी शिकवलेलं, लाइटमुळे साउंडला हमिंग (सतत गुं-गुं आवाज) येतं म्हणून फेज वेगळी ठेवायची. वरमाला झाली, मी आवाज खाली घेतला, आणि पार एकाएकी मंदावले. त्याच क्षणी मिक्सरमधून ‘फट्’ असा आवाज आला. मग करपलेल्या सुंगटांसारखा (कोळंबीसारखा) वास. बेकलाइट, प्लास्टिक जळलं की असाच मासळीचा वास येतो. लग्न शाकाहारी होतं म्हणून लगेच कळलं, नाहीतर आम्ही किचनकडे बोट दाखवून मोकळे झालो असतो. मुख्य पॅनलमध्ये न्यूट्रलची लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) सैल होती, काळी पडून गळून आली होती.

न्यूट्रल तुटला की काय होतं, ते आकड्यांत बघा. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. लाइटचं लोड ३००० वॅट आणि साउंडचं त्या क्षणी ५०० वॅट धरलं, तर न्यूट्रल गेल्यावर दोन्ही एकामागोमाग जोडल्यासारखे होतात. ज्याचं लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. ढोबळ हिशेबाने साउंडवर ३४० च्या आसपास, लाइटवर साठाच्याही खाली. एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. आरसीसीबीही (करंट गळला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट जमिनीत गळत नसतो. दोन्ही आपापल्या जागी शहाण्यासारखे बसून राहतात आणि तुमचं सामान जळतं.

तेव्हापासून सगळं एका फेजवर मावत असेल तर मी एकाच फेजवर घेतो. एलईडीच्या काळात डिमरचा आवाज साउंडमध्ये शिरत नाही. शिवाय स्टेजवर हात पोचेल एवढ्या अंतरावर दोन फेज ठेवणं म्हणजे ४०० व्होल्ट हाताशी ठेवणं. विभागणं भागच असेल तर मिक्सरपासून बेसपर्यंत सगळा साउंड एका फेजवर, सगळे लाइट दुसऱ्यावर. अर्धा साउंड इकडे, अर्धा तिकडे कधीच नाही.

हॉलात पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी मल्टिमीटर काढा. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा वीस-तीस दिसला की तो सॉकेट सोडा. फेज-अर्थ साठ, नव्वद, असं भटकत असेल तर अर्थिंगची तार कुठेच पोचलेली नाही. केअरटेकर म्हणणार, "कांय जावचें ना." त्यांचं बरोबर आहे, त्यांना काही होत नाही. माइक ओठाला लावणाऱ्याला होतं. आणि हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन तोडणारे अजून भेटतात. हमिंग डीआय बॉक्सच्या (लॅपटॉप किंवा वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीच्या) ग्राउंड-लिफ्टने किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने सिग्नलच्या तारेत तोडायचा असतो, विजेच्या तारेत नाही.

घरातल्या वायरिंगवर मी दोन सर्किटांच्या वर जात नाही, आणि तीही वेगवेगळ्या एमसीबीवरची. जुन्या चिऱ्यांच्या घरांत अजून किटकॅट फ्यूज दिसतात, त्यात जाड तार गुंडाळलेली. अशा घरी फक्त दोन टॉप आणि दोन पार लावायचे, बाकी टेम्पोतच राहू द्यायचं.

तात्पुरतं कनेक्शन

गोव्यात वीज वितरण थेट सरकारच्या वीज खात्याकडे आहे, मधे कंपनी नाही. जत्रा, सार्वजनिक गणेशोत्सव, चार-पाच दिवसांचा नाट्यमहोत्सव असेल तर आयोजकांकडून खात्याचं तात्पुरतं कनेक्शन घेववा. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो, अनामत भरावी लागते, वेगळा मीटर बसतो. एका रात्रीच्या कामाला हा खटाटोप परवडत नाही. पण अनेक दिवसांच्या कामाला याहून स्वस्त आणि स्थिर काही नाही. खांबावर आकडा टाकून देतो म्हणणारा कार्यकर्ता कितीही मोठा असला तरी नको म्हणा. ती वीजचोरी आहे, २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५. आणि आकड्याच्या तारेला ना एमसीबी, ना अर्थ.

भाड्याचा सायलेंट जनरेटर

माळरान, शेत, समुद्रकाठ इथे दुसरा इलाज नाही. रात्री दहाला उघड्यावरचा साउंड बंद करायचाच असल्यामुळे चालतोही चार-पाच तासच. आपल्या ५५०० वॅटला किती केव्हीए? केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट मिळतात, आणि जनरेटर सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर ओढायचा नसतो. म्हणजे १० केव्हीए काठावर, १५ आरामात. ‘असू दे मोठा’ म्हणून ६२ चा आणू नका. डिझेल इंजिन अगदी हलक्या लोडवर तासन्‌तास चाललं की नीट तापत नाही, धूर आणि काजळी धरतं, आणि भाडं तुम्ही उगाच भरता.

मागताना एक गोष्ट मुद्दाम सांगा: सिंगल फेज मशीन द्या. एवढ्या लोडला ते पुरतं, आणि वर सांगितलेली ३४० व्होल्टची भानगड तिथे होऊच शकत नाही, कारण दुसरी फेजच नसते. थ्री-फेज आलाच तर न्यूट्रलचा बोल्ट स्वतः हाताने हलवून बघा. मशीन बंद असताना.

आता अर्थिंग. एप्रिलात सड्यावरच्या जांभ्यावर पहार मारून बघा, टणकन उडते. गेलीच आत तरी कोरडा जांभा आणि कोरडी वाळू दोन्ही विजेला वाट देत नाहीत. म्हणून नुसत्या सळईवर विसंबू नका. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्याच बॉडीला जोडलेला असायला हवा, आणि त्या बॉडीपासून तुमच्या वीज वाटायच्या बॉक्सपर्यंत (त्याबद्दल शेवटी) हिरवी तार स्वतंत्र यायला हवी. मग ट्रसला (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) फेज लागली तर करंट जमिनीची वाट न शोधता तारेतून परत जातो आणि आरसीसीबी पडतो. ही जोडणी नसलेल्या मशीनवर फेज बॉडीला लागली तरी आरसीसीबी पडत नाही, पुढचा दोष येईपर्यंत सगळं ठीकच दिसतं. न्यूट्रल-बॉडीची गाठ मात्र फक्त जनरेटरपाशी. तुमच्या बॉक्समध्ये ती पुन्हा बांधली की आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो, आणि मग कुणीतरी वैतागून त्यालाच बायपास करतो.

सळई तरीही हवी. पाणी ओता, शक्यतो माडाच्या आळ्यासारख्या ओल्या जागी ठोका.

जनरेटर लांब हवा, म्हणजे केबल लांब होते. तीस मीटरवर १६ अँपिअर नेताना दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळजवळ १३ व्होल्ट पडतात, चार स्क्वेअर एमएममध्ये पाचेक. मी चारच्या खाली जात नाही. ड्रमवर गुंडाळलेली उरलेली केबल पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळीतच ती तापून वितळते. केटररचा डीप फ्रीजर आणि माटवाचे (मांडवाचे) दिवे त्याच मशीनवर असतील तर नम्रपणे नाही म्हणा. कॉम्प्रेसर लागला की दाब ढासळतो आणि शिव्या डीजेला बसतात. आणि घरातली वीज गेली म्हणून दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या वायरीने जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. ती वीज उलटी खांबावर चढते, तिथे लाइनमन असतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच वीज जोडणारा) नसेल तर दोन्हींची गाठच नको.

भाड्याच्या जनरेटरचा एक गैरसोयीचा भाग गोव्याचाच. दिवाडी बेटावर काम असलं की जनरेटरचा टेम्पोही फेरीबोटीच्या रांगेत उभा. त्याचा वेळ कोटेशनमध्ये धरा.

स्वतःचा छोटा पेट्रोल जनरेटर, की बॅटरी?

दोन-अडीच केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर जरा आवरून वाजवलेला साउंड आणि चार पार चालवतो, पण फॉगचा हीटर त्याच्या पोटात मावत नाही. पेट्रोलचा डबा गरम सायलेन्सरशेजारी ठेवून संध्याकाळभर भरणं मला पटत नाही. घराच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये तो चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडणं, त्याला वासही नसतो. नव्याने पैसे घालायचेच असतील तर मी पॉवर स्टेशन म्हणतात ती लिथियम बॅटरी घेईन. हजार वॉट-अवरची बॅटरी ३०० वॅटच्या लोडवर पावणेतीन-तीन तास जाते. हळद, रोस (ख्रिस्ती लग्नाआधीचा नारळाच्या रसाचा विधी), बोटीवरचा वाढदिवस, सांजांवची विहीर, एवढ्याला ती पुरते. पाण्याच्या काठावर बॅटरीवर चालणारे स्पीकर लावा, २३० व्होल्ट तिथे नेऊच नका. ओल्या अंगाने नाचणारी पोरं आणि एक्स्टेंशन बोर्ड एका जागी नकोत. फक्त बॅटरी उन्हात बंद गाडीत ठेवू नका, आणि घरचा स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर तिच्या जागी आणू नका, त्यावर अँप (अँप्लिफायर) गुणगुणतात आणि काही पॉवर सप्लाय चालूच होत नाहीत.

पैसे पहिले कुठे घालाल?

वरच्या चारांपैकी काहीही निवडा, मधे तुमचा स्वतःचा बॉक्स हवा. जनरेटरआधी तो. वीज आत घ्यायला ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल इनलेट, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, व्होल्टमीटर, २७० च्या वर आणि १७० च्या खाली तोडणारा व्होल्टेज कटऑफ, आणि बाहेर १६ अँपिअरचे चार सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी. हा कटऑफ त्या लग्नात असता तर माझा मिक्सर वाचला असता. वीज येते-जाते तेव्हा तो थोडं थांबून परत जोडतो, तेही कामाचं. मिक्सर-लॅपटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस द्या, अँपना नाही.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दर कामाला दाबा, पण त्याने फसू नका. ते फेज आणि न्यूट्रलमध्येच करंट वळवून बघतं, त्यामुळे अर्थची तार अजिबात नसली तरी आरसीसीबी टपकन पडतो. अर्थ खरी आहे का, हे मीटर तपासतं, आणि त्याहून पक्कं वायरमनचा शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प. ते काम त्याचंच, तुम्ही बाजूला उभे राहा.

पावसाळ्यात हा बॉक्स विटांवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वर छप्पर द्या, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. समुद्रकाठच्या कामानंतर पिना पुसा. खारी हवा पितळेवर महिन्याभरात हिरवा थर आणते, आणि सैल, गंजलेला प्लगच तापतो.