आठवणलेखनाचा वर्ग : दोन श्रेयांकांत काय हाती लागतं

पुण्यातल्या एका महाविद्यालयात बीएच्या मुलांसाठी आठवणलेखनाचा वर्ग चालतो. दोन श्रेयांक, ३० तास, ५० गुण. मराठीत आत्मकथनं भरपूर आहेत, पण ती लिहायची कशी हे शिकवणारे वर्ग मोजकेच. त्यामुळे हा वर्ग बारकाईने पाहण्यासारखा आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत कोणालाही लेख लिहू देत नाहीत. ‘मला आठवतं’ अशी सुरुवात करून एका बैठकीत, खाडाखोड न करता २५ वाक्यं लिहायची. पहिली दहा सगळ्यांची सारखीच निघतात : शाळेचा पहिला दिवस, आजोळ, गणपती. खरा माल पंधराव्या वाक्यानंतर येतो, म्हणून आकडा २५ ठेवलाय आणि तो बरोबर आहे. मग त्यातलं एकच वाक्य उचलून फक्त त्या एका दिवसावर ६०० शब्द. ‘माझा जन्म अमुक गावी झाला’पासून सुरुवात केली तर लेख परत मिळतो, कारण त्या वाटेने गेलेलं लिखाण सहावीपर्यंत पोचतं आणि तिथेच दमतं.

या वर्गाची सगळ्यात मोलाची तासिका क्रियापदांवरची. ‘आजी पहाटे उठायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची’ असं ‘-आयची’त लिहिलेलं वाचायला गोड लागतं, पण दोन पानं झाली तरी काहीच घडत नाही. वर्गात प्रत्येकाला आपल्या लेखातली अशी क्रियापदं अधोरेखित करायला लावतात. सलग चारपेक्षा जास्त आली की पुढचं वाक्य ‘त्या दिवशी’ने सुरू करायचं. ‘त्या दिवशी आजी उठली नाही’ हे पाच शब्द फळ्यावर आले की फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी बारीक गोष्ट आदरार्थी रूपांची. ‘बाबा आले’ आणि ‘बाप आला’ यांत लिहिणाऱ्याचं वडिलांशी असलेलं नातं आधीच सांगून होतं. कोणतंही चालतं, पण नकळत एकातून दुसऱ्यात घसरलं की वाचकाला वाटतं मध्ये काही बिनसलं. विशेषणांचंही तसंच. ‘आजी खूप कष्टाळू होती’ खोडून ‘थापताना आजी हातातली अंगठी काढून परातीच्या कडेला ठेवायची’ असं करून घेतात.

तेव्हाचा मी आणि आज लिहिणारा मी हे वेगळे ठेवायला शिकवण्यासाठी दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ (१९७८) घेतात, आणि निवड अगदी योग्य आहे. तिथे दगडू, म्हणजे स्वतः दया पवारच, आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन आवाज इतके उघड दुसरीकडे क्वचितच सापडतात. मुलांच्या लेखांत नेमकी इथेच चूक होते : आठ वर्षांचा मुलगा अचानक ‘व्यवस्था’ वगैरे शब्द बोलू लागतो.

पडताळणीसाठी रेशनकार्ड, सातबारा, जुने फोटो आणायला सांगतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका, हेही बजावतात. एका पिढीच्या कितीतरी लोकांची तारीख मास्तरांनी १ जून लावून टाकलेली असते.

आता तक्रारी. हयात माणसांबद्दल लिहिताना काय करायचं, याला एकच तासिका आहे. नाव बदललं तरी गाव, धंदा आणि नातं तेच राहिलं की माणूस ओळखू येतो, एवढं सांगून विषय संपतो. घरच्यांना मसुदा कधी दाखवायचा, पहिल्या खर्ड्यानंतर की शेवटच्या, यावर चर्चाच नाही. आमच्या मते दुसऱ्या खर्ड्यानंतर. पहिल्या वेळी दाखवला तर लिहिणारा स्वतःच हात आखडता घेतो. घरातली मारहाण किंवा मृत्यू लिहिणाऱ्यांना ते वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती नको, तिथे लेखी अभिप्राय पुरे.

दुसरी त्रुटी पुनर्लेखनाची. शेवटच्या १५०० शब्दांच्या लेखाला ३० गुण आहेत, पण खर्डा तपासून मिळतो तेराव्या आठवड्यात. उरलेल्या दोन आठवड्यांत मुलं फक्त शुद्धलेखन सुधारतात. खर्डा नवव्या आठवड्यात घेतला तर हे सहज टळेल.

वाचनाची पद्धत मात्र चोख. सहा जणांचा गट, लेखक गप्प, ऐकणाऱ्यांनी आधी फक्त लक्षात काय राहिलं ते सांगायचं, मग कुठे लक्ष उडालं ते. ‘छान झालंय’ म्हणायला बंदी. नाव नोंदवणार असाल तर २०० पानी आखीव वही घ्या आणि उजव्या पानावरच लिहा, डावं पान पुनर्लेखनाला लागतं.