रोजच्या ड्रेससाठी कापड घेताना: सुती, खादी, रेयॉन की पॉलिस्टर?

गेल्या महिन्यात एक मुलगी कापडाच्या दुकानातून थेट माझ्याकडे आली. नुकतीच नोकरीला लागलेली, रोज सांगली-मिरज जाऊन-येऊन करणारी. पाच ड्रेस शिवायचे होते. पर्समधून कापडाचे दोन नमुने काढून म्हणाली, "काकू, यातलं कुठलं घेऊ? आणि नुसतं दिसायला नाही, निसर्गाचं कमी नुकसान करणारं कुठलं?" सांगलीच्या गावभागात 26 वर्षं शिवणकाम करतेय. कापड आटेल का, रंग जाईल का, हे रोज विचारलं जातं. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. तिला उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं, त्याहून सविस्तर इथे लिहिते.

तुलना करायच्या आधी हातातलं कापड नक्की कसलं आहे ते कळायला हवं, कारण दुकानात कॉटन म्हणून मिळतं ते सगळं कॉटन नसतं. कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, वासही कागद जळल्याचा येतो आणि बोटांवर मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला काळा, टणक मणी धरतं. रेयॉनही सुतासारखंच जळतं, म्हणून त्याची परीक्षा पाण्यात. धागा ओला करून ओढा. रेयॉनचा चटकन तुटतो, सुती ओला झाला की उलट चिवट होतो. त्या मुलीच्या दुसऱ्या नमुन्याचा आडवा धागा सुती निघाला, उभ्याचा मात्र मणी झाला. दुकानदाराने तिला ते प्युअर कॉटन म्हणून दाखवलं होतं.

पॉलिस्टर आणि सुती

खरा निर्णय या दोघांतच करावा लागतो, म्हणून यांच्यावर जास्त लिहिते.

पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट झालं आणि तिथे त्याला टेरिलीन नाव मिळालं. आपल्या वडिलांच्या पिढीची टेरिकॉटची पँट त्यातूनच आली. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यापैकी निम्म्याहून जास्त धागा पॉलिस्टरचा आहे. त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. आटत नाही, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो, पंख्याखाली दोन तासांत वाळतं. पण घाम शोषत नाही, आणि प्रत्येक धुण्यात त्यातून डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतू सुटून गटारात आणि तिथून नदीत जातात.

ते कुजत नाही म्हणजे काय, हे मी ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर पाहिलं. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत चिखलाने माखलेल्या कपड्यांचे ढीग होते. नदीकाठच्या झाडाझुडपांना साड्या, ओढण्या अडकल्या होत्या. सुती होत्या त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुजून गळून पडल्या. एका पॉलिस्टर जॉर्जेटच्या साडीचा तुकडा मात्र घाटाकडे जाताना मला सतत दिसायचा. रंग उडाला होता, वीण शाबूत होती. 2021 चा पूर आला तोवर तो तिथेच होता.

म्हणून सुती निर्दोष, असंही नाही. एक किलो कापूस पिकवायला जगाच्या सरासरीने सुमारे 10,000 लिटर पाणी लागतं असं मानतात. आपल्याकडे हा आकडा ऐकून घाबरण्याआधी एक लक्षात घ्यावं, महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी पावसाचं. फवारणीचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याहून जवळचा प्रश्न रंगाचा. विट्यात मागांवर कापड विणलं जातं तेव्हा विजेचा खर्च आणि कानठळ्या बसवणारा आवाज असतो, पण पाण्याचा खेळ पुढे, ब्लीचिंग आणि रंगणीत सुरू होतो. सुती कापडाला पक्का रंग बसवायला भरपूर पाणी आणि मीठ लागतं, रंग जितका गडद तितकं जास्त. इचलकरंजीच्या बाजूला पंचगंगेची काय अवस्था झाली ते आपण वर्षानुवर्षं ऐकतो, पाहतो. तीच पंचगंगा नरसोबाच्या वाडीला आपल्या कृष्णेला मिळते. म्हणून सुती घ्याल तेव्हा शक्यतो फिक्या रंगाचं घ्या. काळा आणि गडद लाल रंग सणाच्या कपड्यापुरता ठेवा.

तरीही माझा कौल सुतीलाच आहे, आणि त्याचं कारण कपडा जुना झाल्यावर कळतं. सुती साडी विरली की तिची वाकळ, म्हणजे गोधडी होते, बाळाची दुपटी होतात, ती फाटली की फडकं, शेवटी पायपुसणं. माझ्या सासूबाईंच्या इरकलीचा एक तुकडा अजून माझ्या मशीनखाली तेल पुसायला आहे. पॉलिस्टरचं यातलं काही होत नाही. पाणी शोषत नाही म्हणून पुसायला निरुपयोगी, आणि वाकळीत घातलं तर थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही. बोहारणीला दिलं म्हणजे त्याची सोय लागली, असंही समजू नका. जगात टाकून दिलेल्या कपड्यांपैकी एक टक्क्याहून कमी कपड्यांचा पुन्हा नवा कपडा होतो. सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचे धागे वेगळे करणं तर आणखी अवघड. रीसायकल्ड पॉलिस्टर म्हणून जे विकतात, तेही बहुतेक पाण्याच्या बाटल्यांपासून केलेलं असतं, जुन्या कपड्यांपासून नव्हे.

रेयॉन आणि खादी

रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात, म्हणून ते नैसर्गिक असल्याचं सांगितलं जातं. पण लगद्याचा धागा करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याची वाफ कामगारांच्या मज्जातंतूंना घातक असते. अंगावर पडतं सुंदर, पण धुताना ओलं कापड अशक्त होतं. काखेत आणि खिशाच्या तोंडाशी फाटलेले कुर्ते माझ्याकडे येतात, ते सर्वांत जास्त रेयॉनचे. रोजच्या वापराला मी ते सुचवत नाही.

खादी हाताने कातलेली, हातमागावर विणलेली. यंत्राची वीज सर्वांत कमी, आणि पैसा कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या हातात जातो. वर्षाला एक तरी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. किंमत जास्त, धुवायला जड आणि इस्त्रीशिवाय चुरगळलेली दिसते, हेही खरं. खादी भांडारात पॉलिवस्त्र नावाचं कापडही मिळतं. त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असतं, तेव्हा विचारून घ्या.

कुठे राहता यावरही बरंच ठरतं. जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हात सुती किंवा खादीला पर्याय नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात सुती कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. तिथे चार महिन्यांसाठी मिश्र कापडाचे दोन ड्रेस ठेवले तर मी कुणाला दोष देणार नाही.

आणि कापडाइतकीच महत्त्वाची शिलाई. तयार ड्रेस उलटा करून बघा. शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड असतं, तेही ओव्हरलॉकने कापलेलं. अंग थोडं भरलं की तो बाद. शिंप्याकडे शिवताना दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. तेवढ्यावर ड्रेस दोनदा सैल करता येतो. माझ्या मुलीने एक सुती ड्रेस अकरावीपासून पहिली नोकरी लागेपर्यंत वापरला, तो या मायेवर. दोनशे रुपये जास्त घेणारं चांगलं कापड असं पाच वर्षं टिकलं तर स्वस्तच पडतं. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

त्या मुलीने दुसरा नमुना परत केला. तीन ड्रेसचं सुती घेतलं, एक पावसाळ्यासाठी मिश्र. पाचव्यासाठी दोन दिवसांनी आईची जुनी सुती साडी घेऊन आली, निऱ्यांच्या जागी थोडी विरलेली. तेवढा भाग काढून ड्रेस बेतला, काठ बाह्यांना लावला आणि माया सव्वा इंच ठेवली. विरलेला तुकडा आईने वाकळीसाठी परत मागवून घेतला.