एलईडी सिग्नलचा बर्फातला रिव्ह्यू: दिवा एक नंबर, पण काच गार राहते

बरीच वर्षं सिग्नलच्या मेंटेनन्समध्ये आहे. आधी जुने बल्बवाले दिवे सांभाळले, मग तेच काढून त्यांच्या जागी एलईडी मॉड्यूल बसवायच्या कामात पण होतो, त्यामुळे जिथं बर्फ पडतो तिथं हे एलईडी नक्की कसे वागतात ते एकदा नीट लिहायचं खूप दिवस मनात होतं. विकणारे फक्त वीज किती वाचते तेवढंच सांगतात आणि वैतागलेले लोक पांढरे झालेल्या सिग्नलचे फोटो टाकून मोकळे होतात. दोघांचंही बरोबर आहे, पण नवीन दिवे घ्यायचे की नाही, घेतले तर कुठले, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. जुना बल्ब ६० वॅटपासून पार १५० वॅटपर्यंतचा असायचा, एलईडीचं काम साधारण १० ते २० वॅटमध्ये भागतं. एका मोठ्या चौकात सगळ्या दिशांचे मिळून किती दिवे असतात ते मोजा आणि त्यातला कुठला ना कुठला तरी चोवीस तास चालू असतो हे लक्षात घ्या, म्हणजे बिलात किती फरक पडतो ते समजेल. बल्बची तार वाऱ्याने सारखी हलून हलून तुटायची, आणि नेमका वादळी रात्रीच लाल गेला की आम्हाला धावत जावं लागायचं. एलईडी मॉड्यूलमध्ये बरेच छोटे दिवे असतात, त्यातले दोनचार गेले तरी बाकीचे पेटत राहतात, रंग दिसतो आणि बदलायला सावकाश गेलं तरी चालतं.

आणि थंडीने एलईडी बिघडतो असा जो समज आहे तो साफ चुकीचा आहे. थंडी एलईडीला मानवते. गरम झाला की त्याचा उजेड कमी होतो, त्यातही लाल आणि पिवळा जास्त मंदावतात, हिरव्याला तेवढा फरक पडत नाही. म्हणजे त्याला खरा त्रास भर उन्हाळ्यातल्या दुपारी होतो. सिग्नलच्या एलईडी मॉड्यूलसाठी अमेरिकेतलं जे स्पेसिफिकेशन आहे त्यात उणे ४० ते ७४ अंश सेल्सिअसपर्यंत चालला पाहिजे असं लिहिलेलंय. कडाक्याच्या थंडीत नुसत्या गारठ्याने मेलेलं मॉड्यूल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मग अडतं कुठं? काचेवर.

जुन्या बल्बमध्ये विजेचा अगदी थोडा भाग उजेडात जायचा, बाकी सगळी उष्णता. तेव्हा आम्ही त्याला वाया गेलेली वीज म्हणायचो. पण ती उष्णता त्या बंद डब्यात कोंडून पुढच्या काचेपर्यंत यायची, काच कोमट राहायची, आणि बर्फ टेकला की पाणी होऊन खाली ओघळायचा. हे काम बल्ब करतोय हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून एलईडी आले तेव्हा वॅट मोजले, उजेड मोजला, आयुष्य मोजलं, पण ही उब कुणी हिशोबात धरली नाही. एलईडी पण गरम होतो बरं का, फक्त त्याची उष्णता चिपच्या पाठीमागून हीटसिंकमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात जाते आणि पुढं जो उजेड पडतो त्यात उष्णता जवळपास नसतेच. एकदा गाडीवरच्या उचलणाऱ्या बकेटमधून वर गेलो होतो तेव्हा हातमोजा काढून मुद्दाम हात लावून पाहिला. डब्याची पाठ उबदार, आणि पुढच्या काचेवर बोट टेकवलं तर चटका बसावा इतकी गार. एकाच दिव्याची पाठ आणि तोंड, मधे जेमतेम वीतभर अंतर, आणि नेमकी जिथं ऊब पाहिजे तिथं ती नाही.

सगळाच बर्फ चिकटतो असं पण नाही. खूप थंडी असेल, म्हणजे उणे १५ वगैरे, तेव्हा बर्फ कोरडा भुरभुरीत असतो, पिठासारखा उडून जातो आणि सिग्नल बऱ्यापैकी साफ राहतात. धोका शून्याच्या आसपास असतो, जेव्हा बर्फ ओला असतो आणि सोबत जोराचा वारा असतो. तो आडवा येऊन काचेवर लिंपल्यासारखा बसतो, आणि वर व्हायजर, म्हणजे दिव्यापुढची टोपी, जर पूर्ण गोल नळीसारखा असेल तर त्याच्या पोटात गच्च भरतो. वाऱ्याकडे तोंड असलेले दिवे झाकले जातात आणि बाकीच्या दिशांचे स्वच्छ असतात, आणि माझ्या मते हे सगळे झाकले जाण्यापेक्षा वाईट, कारण एका बाजूच्याला हिरवा स्पष्ट दिसतो म्हणून तो बिनधास्त येतो आणि दुसऱ्या बाजूच्याला लाल दिसतच नाही.

अशी एक सकाळ अजून डोळ्यासमोर आहे. अजून उजाडायचं होतं, चौकात पोचलो तर वाऱ्याकडच्या हेडवर, म्हणजे तीन दिव्यांच्या डब्यावर, वरपासून खालपर्यंत तीन पांढऱ्या चकत्या. वरच्या चकतीतून फिकट गुलाबी उजेड झिरपत होता, म्हणून निदान लाल चालू आहे हे कळलं. वीस-पंचवीस मिनिटांनी उजाडलं तसा तो गुलाबीपणा पण गेला, तीन सारख्या पांढऱ्या थाळ्या उरल्या. सिग्नल चालवणाऱ्या मशीनचं कॅबिनेट उघडून बघितलं तर मशीनच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित, एक पण फॉल्ट नाही. आणि नसणारच, कारण आतला मॉनिटर वीज बघतो. दिव्याला व्होल्टेज मिळतंय ना, भलतेच दोन हिरवे एकदम लागले नाहीत ना, एवढंच त्याला कळतं. काचेबाहेर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. बल्ब गेला तर निदान काहीतरी गेलं हे समजतं, इथं काहीच गेलेलं नसतं, त्यामुळे कुणीतरी फोन करेपर्यंत ऑफिसला पत्ता लागत नाही. हा मला या प्रॉडक्टचा सगळ्यात मोठा दोष वाटतो, बर्फ साठण्यापेक्षाही मोठा, आणि खरेदीच्या वेळी यावर चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाहीये. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात बर्फाने झाकलेला सिग्नल एका ड्रायव्हरला दिसला नाही आणि त्या धडकेत एका बाईचा जीव गेला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा राज्यांतल्या असल्या तक्रारी बातम्यांमध्ये आल्या आणि तेव्हा कुठं हा विषय लोकांपर्यंत पोचला.

आता उपायांबद्दल, मी जे वापरलंय त्यावरून सांगतो. हाताने साफ करणं, म्हणजे लांब दांड्याचा ब्रश नाहीतर हवेचा झोत, हे शंभर टक्के काम करतं, पण बर्फ पडत असेल तर चौथ्या चौकात पोचेपर्यंत पहिला पुन्हा भरलेला असतो, शिवाय त्या निसरड्या रस्त्यावर गाडी उभी करून माणूस वर चढवायचा. पाणी धरू नये म्हणून जे कोटिंग मारतात त्याने सुरुवातीला फरक पडतो, पुढं धूळ आणि रस्त्यावरच्या मिठाचे शिंतोडे बसले की त्याचा गुण जातो, त्याच्यावर विसंबून राहू नका. व्हायजर बदलणं हा स्वस्तातला आणि खरा उपयोगी उपाय आहे. गोल नळीवाला काढायचा आणि खालून मोकळा असलेला लावायचा, म्हणजे बर्फाला बसायला फळीच राहत नाही, बराचसा खाली पडून जातो. जपानने याच्याही पुढं जाऊन पातळ, सपाट, व्हायजरच नसलेले सिग्नल काढलेत, किंचित खाली झुकवलेले, म्हणजे काचेवर बर्फ टिकायलाच अवघड. तिथं बाकी देशात सिग्नल आडवे असतात पण होक्काइदोसारख्या बर्फाच्या भागात उभे लावतात, कारण उभ्या डब्याच्या माथ्यावर जागा कमी, ओझं कमी. इतकी साधी गोष्ट आहे आणि किती विचार करून केलेली.

आणि हीटरवाली लेन्स. काचेत बारीक तारा किंवा पारदर्शक थर असतो, थर्मोस्टॅट थंडी ओळखतो, शून्याच्या जवळ आलं की हीटर चालू. मी ज्या हेडवर बसवल्या तिथं ओल्या बर्फात पण रंग दिसत राहिला, कडेला थोडी पांढरी कड जमते पण मधलं साफ. हीटर चालू असताना वीज जास्त जाते हे मान्य, पण वर्षातले तेवढे तास सोडले तर बचत आहे तशीच राहते, त्यामुळे मग एलईडीचा फायदा काय राहिला हा प्रश्न मला पटत नाही. एक मात्र करा, हिवाळा सुरू व्हायच्या आधी थर्मोस्टॅट तपासून घ्या. आमच्याकडे एका हेडचा सेन्सर गेलेला होता आणि ते पहिल्या वादळातच कळलं, म्हणजे तोवर आम्ही उगीच निर्धास्त होतो.

मिसुरी आणि कॅन्ससच्या विद्यापीठांत यावर जे काम झालंय ते मला सगळ्यात आवडलं. एलईडीच्या पाठीमागची तीच वाया जाणारी उष्णता पुढच्या काचेकडे वळवायची, वेगळा हीटरच नको. ज्याने दिव्याची पाठ आणि तोंड दोन्हींना हात लावून पाहिलाय त्याला ही कल्पना लगेच पटेल.

थंडीत सिग्नलच्या दिव्यापलीकडेही बरंच काही बिघडतं. रस्त्यात गाडी ओळखायला पुरलेली तारेची लूप बर्फाखाली पण गाडी ओळखते, कारण तिला धातू कळतो, पण रस्त्यावरचे पट्टे बर्फाखाली गेले की गाड्या भलतीकडेच उभ्या राहतात आणि मग सिग्नल बदलतच नाही, शिवाय पाणी गोठून-वितळून रस्त्याला तडे जातात तेव्हा तार तुटते. गाड्या ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या काचेचं दुखणं तर दिव्यासारखंच. पादचाऱ्यांचं बटण गोठून बसतं, बॅकअप बॅटरी गारठ्यात कमी वेळ टिकते. एका बाबतीत मात्र एलईडीला पूर्ण मार्क द्यावे लागतील. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तिरपं ऊन जुन्या दिव्यात शिरून मागच्या रिफ्लेक्टरवरून परत यायचं आणि बंद दिवा पेटल्यासारखा वाटायचा. एलईडीत मागे तसा रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे हा भास फार कमी झाला.

गाडी चालवणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे. काचा पांढऱ्या दिसल्या तर सिग्नल नाहीच असं समजून निघू नका, पूर्ण थांबा, सगळीकडे बघा, मगच हळू पुढं जा. बंद सिग्नलवर सगळ्यांनी थांबायचं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, आणि झाकलेला सिग्नल तुमच्यासाठी बंदच आहे. आणि फोन करून कळवा, कारण वर सांगितलं तसं मशीन कळवणार नाही.

मार्कांचं म्हणाल तर जिथं बर्फ नाही तिथं एलईडीला ५ पैकी ५, डोळे झाकून घ्या. बर्फाच्या ठिकाणी साधं मॉड्यूल आणि गोल व्हायजर असेल तर २, खालून मोकळा व्हायजर लावला तर ३, हीटरवाली लेन्स असेल तर साडेचार. अर्धा मी मॉनिटरपायी कापलाय, काच झाकली गेली हे ज्या दिवशी तो स्वतः सांगेल त्या दिवशी परत देईन. सगळीकडे हीटर परवडत नसतील तर आधी वाऱ्याकडे तोंड असलेल्या दिशेला लावा आणि तिथंही पहिला लालला.