लिनक्स मिंट आणि वायफायचं झोपाळू कार्ड : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपवर विंडोजच्या जागी मिंट २२ ही लिनक्सची फुकटची सिस्टिम टाकून आता बरेच महिने झाले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार म्हणल्यावर दुकानदार नवा लॅपटॉप घ्या म्हणून मागंच लागला होता, पण चालती मशीन भंगारात घालायला पैसे काय वर आलेत का. बूट, बॅटरी, मराठी टायपिंग सगळं ठीक आहे, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायलोय ते फक्त वायफायवर, कारण परवा नेटवाल्या पोरासोबत चांगलीच वाजली.

मोबाइलवर नेट पळतंय आणि लॅपटॉपवर पोरीचा क्लास सारखा अडकायलाय. पोरगं आलं, राउटरच्या लाइटा पाहिल्या, स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणतं, "काका, हे विंडोज नाही ना? विंडोज टाका, मग कंप्लेंट करा." म्हणलं बाळा, फायबरमधला उजेड काय विंडोज बघून येतो का? त्याच्यासमोरच राउटरला पिंग लावलं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता, घरातल्या घरात, त्याच खोलीत. २ मिलिसेकंद, ३, २, मग एकदम १८७, २४०, परत ३. "बघा, तुमच्याच मशीनमधे फॉल्ट," म्हणून गाडीला किक मारून गेलं.

राग आला तरी सांगतो, त्याचं अर्धं बरोबर होतं. टर्मिनलमधे (कमांड टाइप करायची खिडकी) 'आयडब्ल्यू' कमांडनं विचारलं तर पॉवर सेव्ह : ऑन. म्हणजे वायफाय कार्ड मधी मधी डुलकी घेतंय, तोवर राउटर त्याचा माल अडवून ठेवतंय, जागं झालं की हातात देतंय. बॅटरी वाचवायला केलेलं आहे, कबूल. पण चार्जर लावलेला असताना काहून? इथं परभणीत मे महिन्यात माणसाला दुपारी झोप लागत नाही आणि ह्या कार्डाला चोवीस तास लागती! एवढी एक गोष्ट सेटिंगच्या खिडकीत बटण म्हणून द्यायला काय हरकत होती, मला आजवर कळलं नाही. नेट सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरात पॉवरसेव्हची फाइल आहे, त्यात ३ चं २ केलं (३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद), सर्व्हिस रिस्टार्ट केली, पिंग २-३ वर येऊन गप बसलं. एक रुपया खर्च नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मिंटचा एक स्टार कापणार होतो, तर काल लाइट गेली. लाइट आल्यावर वायफाय कनेक्ट, पण एकही साइट उघडंना. परत पिंग. राउटर उत्तर देतंय. ८.८.८.८ हा बाहेरचा गूगलचा सर्व्हर पण देतंय, म्हणजे लाइन बाहेरपर्यंत जिती आहे. साइटचं नाव टाकलं की मात्र ठणठण. म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हरच गपगार. मग मोबाइल कसा चालायला? मोबाइलचा डाटा बंद केला तर तोही आडवा! तो गपचूप सिमच्या डाटावर जात होता आणि आम्ही म्हणायलोय मोबाइलवर नेट चांगलं आहे. कस्टमर केअरला फोन केला, "सर, आमच्याकडून ओके दाखवतंय." बनी तो बनी, नहीं तो परभणी. कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमधे डीएनएसचं ऑटोमॅटिक काढलं, १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सगळ्यांना खुले असलेले डीएनएस टाकले, वायफाय बंद-चालू केलं, झालं सुरू.

तर स्टार आता नेटवाल्याचा कापतोय, मिंटचा अर्धाच, त्या डुलकीपायी. लिनक्स असलं तरी बिघाड कार्डात, राउटरात का बाहेर हे एका पिंगवर कळतंय, ते पोरगं काही म्हणो. पुढच्या महिन्याच्या रिचार्जला मात्र मी अजून हात लावलेला नाही, गल्लीत दुसऱ्याची केबल आली आहे, रेट विचारून ठेवलाय.