रक्तशुद्धीच्या नावाखाली १८,५०० रुपये गेले, आईचा जीव थोडक्यात वाचला

लाज वाटते, तरी लिहितो.

आईला दीड महिना ताप. थुंकी निगेटिव्ह. शेवटी नागपूरला एक्स-रे काढला तर दोन्ही फुफ्फुसांत बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके. मिलिअरी टीबी. यात जंतू रक्तातून अंगभर पसरतात, यकृत, मणका, मेंदूच्या आवरणापर्यंत, असं डॉक्टरांनी समजावलं. मी 'रक्तातून' एवढंच धरून बसलो आणि बाजारातल्या त्या जडीबुटीवाल्यानं नेमकं तेच पकडलं. "भाऊ, रोग रगतात हाय, तं पोटात गोळ्या टाकून काय होते? रगत साफ करा लागते."

कोर्सचे १२,५००, भस्माचे ४,८००, घरी येऊन तपासायचे १,२००. कापसाचे पैसे होते. पावती नाही. डबीवरचं लेबल नखानं खरवडलेलं. छापील नाव, तारीख नसलेलं औषध घरात घेऊच नका.

पण जिवाला लागतं ते वेगळंच. सरकारी गोळ्यांनी आईची लघवी लाल-केशरी व्हायची. तो म्हणाला, "हे रगत चाललं. किडनी गेली. गोळ्या आजच बंद करा." अरे, आशाताईनं पहिल्याच दिवशी आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं, लघवी लाल होईल, तो औषधाचा रंग आहे, भिऊ नका! मी ऐकलं होतं. तिथंच त्याला हाकलायला पाहिजे होतं. पण गोळ्यांनी आई उलट्या करत होती, रात्रभर कण्हत होती. माझ्या जागी कोणीही डगमगला असता.

३८ दिवस गोळ्या बंद. मग डोकं दुखायला लागलं आणि एका सकाळी आईनं मला ओळखलंच नाही. टीबी मेंदूच्या आवरणात गेला होता. आता कोर्स लांबलाय. उलट्या झाल्या तर दवाखान्यात सांगा, मनानं एक दिवसही गोळी सोडू नका. गोळ्या फुकट मिळतात, वर पोषणाचे महिन्याला १,००० खात्यात येतात, आणि मी १८,५०० मोजले!

पोलीस ठाण्यात गेलो, तर "पावती आणा". भामटा पावती देतो का? तालुक्याला गेलो, म्हणाले जिल्ह्याला जा. जिल्ह्यानं अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला. एकानं मलाच झापलं, "शिकलेले ना तुम्ही?" शिकलेलो आहे, म्हणूनच लेखी तक्रार घेऊन चार खेपा घातल्या. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी कोण देणार? अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

काल गुरुवारच्या बाजारात तो त्याच लिंबाखाली बसला होता. समोर एक म्हातारी, हातात एक्स-रेचं पाकीट. मी तिला तिथून उठवलं आणि आशाताईकडे घेऊन गेलो.